बेर्साच्या घरातून जाणारा पैसा

"तू आज पैसा घेतलास?"

"दळून दिलं, म्हणून घेतला."

"आज? आजच्या दिवशी?"

"मेलेला माणूस वार बघून मरतो काय, गोया?"

बेर्सा तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. मक्याच्या पोत्यांमागं बसून ती पाकातली होकोतेची फळं चोरून खात होती, त्यामुळं आईबापांचं हे भांडण तिला ऐकावंच लागलं. बाहेर पडली असती तर चिकट हात दिसले असते. बाप लीनो हा हिकारो गावचा गिरणीवाला. गावात म्हणत, लीनोकडं गिरण्या दोन आहेत, एक डिझेलवर चालते आणि दुसरी, गोया, बिनडिझेलची.

गुड फ्रायडे होता. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवशी कुणी खिळा ठोकत नाही, झाडू मारत नाही आणि समुद्रात उतरत नाही, कारण उतरणाऱ्याचा मासा होतो. राजधानीची माणसं त्या दिवशी सकाळपासून पाण्यातच असतात. अजून कुणाचा मासा झालेला नाही, उन्हानं लाल मात्र सगळे होतात. आणि त्या दिवशी पैशाला हात लावत नाहीत. यहूदानं प्रभूला विकून जी तीस नाणी घेतली, त्यातलंच एक त्या दिवशी तुमच्या हातात येतं, असं गोया म्हणायची. लीनोनं मात्र एका बाईला दळून दिलं होतं. तिच्या घरात मयत होतं, रात्रभर बसायला येणाऱ्यांसाठी मक्याच्या पिठाच्या तामाली करायच्या होत्या. तिनं नाणं पुढं केलं आणि लीनोनं सवयीनं घेतलं.

"परत देऊन ये," गोया म्हणाली.

"तिच्या दारात मढं आहे, आणि मी जाऊन सांगू, बाई, तुझं नाणं घाणेरडं आहे?"

"मग समुद्रात टाक."

"समुद्रात जाऊ? मासा होईन की."

गोया हसली नाही. नाणं खिडकीच्या फळीवर पडून राहिलं. हट्टानं त्यानंही उचललं नाही आणि तिनंही नाही. पुढच्या पावसाळ्यात लीनोची दोन बोटं इंजिनाच्या पट्ट्यात गेली. भर जुलैतली गोष्ट ती, गुड फ्रायडेशी तिचा काही संबंध नव्हता. पण गोयानं फडकं बांधताबांधता एवढंच विचारलं, "नाणं कुठल्या हातानं घेतलं होतंस?"

"उजव्या."

बोटं उजव्याच हाताची होती. त्यावर घरात पुन्हा वाद झाला नाही. गुरुवारी संध्याकाळी गिरणी बंद व्हायची ती शनिवारी सकाळीच सुरू व्हायची.

पुढं लीनो गेला, गोया गेली. डिझेलचं इंजिन जाऊन विजेची मोटर आली, देशाचं जुनं नाणं जाऊन डॉलर आले. बेर्साचा नवरा कामासाठी उत्तरेकडं गेला, पोचल्याचं त्यानं कळवलं आणि मग काहीच कळवलं नाही. गिरणी राहिली. पहाट झाली की बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या. बादलीत चुन्याच्या पाण्यात शिजवून धुतलेला मका. तो दळला की ओलं, पिवळसर, वाफाळतं पीठ दगडी पाळीतून खाली येई, आणि त्याच पिठाच्या सारण भरलेल्या पुपुसा गावभर तव्यावर पडत. बादलीमागं पंचवीस सेंट. सुट्टे कधीच पुरत नसत. बेर्सा सुट्ट्यांऐवजी लिमलेटच्या गोळ्या देई, आणि हिकारोतल्या पोरांचे दात गिरणीवालीनं किडवले असं बायका म्हणत. बेर्सा म्हातारी झाली तसं गाव तिला 'नीन्या बेर्सा' म्हणू लागलं. नीन्या म्हणजे मुलगी. आमच्याकडं बाईचे केस पांढरे झाले की तिला आदरानं मुलगी म्हणतात.

मग लाटांवर फळ्या घेऊन खेळणारे परदेशी आले आणि त्यांच्याबरोबर बिटकॉइन आलं. आधी गावानं कुठल्याशा परक्या कंपनीचं पाकीट मोबाइलमध्ये घेतलं. फार सोपं होतं ते, आंधळ्यालाही जमावं असं. एके सकाळी ते उघडेना, आणि विचारायला जावं तर कंपनीला दार कुठं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा मास्तरीणबाईंचा मुलगा विल्बर, राजधानीत शिकून आलेला, पावाच्या लादीएवढी एक पेटी घेऊन बेर्साच्या दारात उभा राहिला.

"नीन्या बेर्सा, ही तुमच्या गिरणीत ठेवायची."

"काय खाते?"

"वीज. थोडीशी. गावात तुमच्याइतकी जाड वायर कुणाकडं नाही."

"आणि काय करते?"

विल्बरनं पालथी बादली ओढली आणि तिच्यावर बसला. "बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार एका थोरल्या वहीत लिहितात. सगळं जग ती वही वाचतं, म्हणून तिथं खोटं चालत नाही. पण लिहायला वेळ लागतो, आणि लिहिणावळ पडते. पंचवीस सेंटच्या दळणाला कधीकधी डॉलर-दोन डॉलर लिहिणावळ."

"मग जळो ती वही."

"म्हणून दोघांनी मिळून एक पिशवी बांधायची. बांधताना वहीत नोंद. मग पिशवीतल्या पिशवीत पैसे इकडचे तिकडे, तिकडचे इकडे, हवे तितक्या वेळा. लिहिणावळ नाही, क्षणात काम. एक दिवस पिशवी सोडायची, तेव्हा पुन्हा नोंद."

"आणि मधलं?"

"मधलं दोघांनी सांभाळायचं."

"लग्नासारखं की रे. सुरुवातीला चर्चच्या वहीत, शेवटी चर्चच्या वहीत, मधलं कुणी लिहीत नाही."

विल्बर हसला. "तसंच. फक्त यात झोपायचं नाही. एकजण फार दिवस झोपून राहिला, तर दुसरा जुना हिशोब दाखवून पिशवी सोडू शकतो. म्हणून पेटी सतत जागी हवी. गावातल्या प्रत्येकाची एकेक पिशवी तुमच्या या पेटीशी बांधायची. एकाकडून दुसऱ्याकडं जायचं तर सगळे तुमच्या घरातून जातील."

"म्हणजे गावाचा पैसा माझ्याकडं?"

"तुमच्याकडं नाही. तुमच्या घरातून. हात लावता येणार नाही तुम्हाला. फक्त जाताना एक कण तुमचा राहील, पाळीला पीठ चिकटतं ना, तेवढा."

बेर्सानं पेटीकडं पाहिलं. "आणि ही झोपली तर?"

"तर पैसे बुडत नाहीत. पण हलत नाहीत. ना येतात, ना जातात."

पाळीला चिकटलेलं पीठ ही गोष्ट बेर्साला पटली, आणि पुढं तीच नडली. पेटी मक्याच्या मापाशेजारी बसली. कुणाचे पैसे गेले की तिच्यावर हिरवा दिवा लुकलुके. बायका मोबाइल दाखवून दळण घेऊ लागल्या, लिमलेटच्या गोळ्या बरणीत चिकटून बसल्या.

रांगेत सगळ्यात आधी नोएमी असायची. किनाऱ्यावरच्या बदामाच्या झाडाखाली तिची मिनुताची गाडी. किसलेला बर्फ, वर चिंचेचं सरबत, मागितलं तर वर घट्ट दूध. नवऱ्याला समुद्रानं नेलं होतं, मुलगी येस्ली एवढीच. मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गर्दीत कुणीतरी नोएमीच्या एप्रनचा खिसा कापला होता, तेव्हापासून ती सुट्ट्यापुरती चिल्लर सोडून रोख जवळ ठेवत नसे. सगळं मोबाइलमध्ये, बेर्साशी बांधलेल्या पिशवीत.

त्या वर्षी येस्लीला सोन्सोनातेच्या नर्सिंगच्या वर्गात जागा मिळाली. जुलैपासून वर्ग, पण फी ईस्टरनंतरच्या सोमवारी भरायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. नोएमीनं हे रांगेत सांगितलं तेव्हा तिचा आवाज बादलीत मावत नव्हता.

"थोडे कमी पडताहेत, नीन्या बेर्सा. पण गुड फ्रायडेला बर्फवाला चेपे दुप्पट बर्फ आणणार आहे. त्या एका दिवसात माझा महिना निघतो. शुक्रवार नीट गेला की पोरगी गेलीच समजा."

"जाईल, जाईल," बेर्सा म्हणाली. "माझी बोटं सुजतात ती तिलाच दाखवीन."

पवित्र गुरुवारी संध्याकाळी बेर्सानं गिरणी धुतली, पाळीवर जांभळं कापड घातलं आणि मोटरची पिन काढली. मग ती पेटीसमोर उभी राहिली. दिवा लुकलुकत होता. प्रत्येक लुकलुकीला कुणाचा तरी पैसा तिच्या घरातून जात होता आणि एक कण तिच्याकडं राहत होता. उद्या यहूदाच्या दिवशीही राहणार होता. हात लावायचा नाही म्हणे. दार माझं, वाट मी दिली, पाळीला चिकटलेलं पीठ माझं, मग हात लावायचं शिल्लक काय राहिलं? असं तिच्या मनात आलं, आणि तिनं पेटीची पिनही उपटली. विल्बरनं खाली मदतीला बॅटरी लावली होती, तिचीही तार काढली. फ्रिज राहू दिला. त्यात पाकातल्या पावांचं भांडं होतं, आणि फ्रिज काही पैसे मिळवत नाही.

त्या संध्याकाळी तिला बरंच वाटलं. आईला हे आवडलं असतं, असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती मौन धरून बसली होती. तीन वाजेपर्यंत, प्रभूनं प्राण सोडला त्या घटकेपर्यंत, बोलायचं नाही असा तिचा नेम. दारावर थाप पडली.

"नीन्या बेर्सा? मी नोएमी. पेटी आजारी आहे का? चेपेचा ट्रक उभा आहे, माझे पैसे जात नाहीत. कुणाचेच जात नाहीत."

बेर्सानं दाराची वरची फळी उघडली. नोएमी घामानं निथळत होती. तीन वाक्यं बोलायची होती, की पिन मी काढली, का काढली, आणि थांब लावते. पहिलंच वाक्य जमेना. शुक्रवारी पिन लावायची तर गुरुवारचं सगळं खोटं ठरत होतं, आणि न लावायची तर या पोरीच्या तोंडाकडं बघून तसं सांगायचं होतं.

"वीज गेली असेल, पोरी," ती म्हणाली. "वारा आहे."

नोएमीनं मागं वळून बघितलं. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

"वारा," ती म्हणाली.

"हो."

"बरं. थोडी रोख आहे का तुमच्याकडं? संध्याकाळी आणून देते."

"आज मी पैशाला हात लावत नाही. तुला ठाऊक आहे."

हे तरी खरं होतं. फडताळात नाण्यांचा डबा होता आणि त्याला तिनं खरंच हात लावला नसता. नोएमी मान हलवून निघून गेली. बेर्सानं फळी लावली, आणि मौन पुन्हा धरावं की नाही हे तिला कळेना. मोडलं ते मोडलं, आणि मोडलं तेही खोटं बोलायला.

चेपे काही वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवशी किनाऱ्यावरच्या सगळ्या गाड्या त्याची वाट बघत होत्या, आणि उधारी दिली असती तर त्याचाही दिवस गेला असता. नोएमीच्या एप्रनमध्ये होती तेवढ्या चिल्लरीत एक लादी आली. उरलेला बर्फ पलीकडच्या किनाऱ्यावर गेला. दुपारच्या आत लादी संपली. येस्ली सरबताच्या बाटल्यांमागं उभी राहून राजधानीच्या लाल माणसांना सांगत होती, "बर्फ नाही. नाही, उद्या. आज नाही." हे बेर्सानं पाहिलं नाही. गावातल्यांनी इतक्यांदा सांगितलं की नंतर तिला ते पाहिल्यासारखंच आठवायचं.

शनिवारी सकाळी तिनं पिन लावली. सोमवारी फी पुरी झाली नाही. जागा दुसऱ्या मुलीला गेली, आणि येस्ली किनाऱ्यावरच्या हॉटेलात चादरी धुवायला लागली.

"पुढच्या वर्षी बघू," नोएमी रांगेत म्हणाली. एवढंच म्हणाली. बादलीचं दळण घेतलं, मोबाइल दाखवला, दिवा लुकलुकला.

गावाचा राग विल्बरवर निघाला. "फुकटची पेटी, फुकटचा साहेब," बायका म्हणाल्या. "परक्यांचं पाकीट निदान सोपं तरी होतं. हे आपलं आपलं म्हणून गळ्यात बांधलं, आणि ऐन सणात आडवं." विल्बर आला, पेटीपुढं उकिडवा बसून तारा तपासल्या, बॅटरी काढली, घातली.

"बॅटरी दगा देते वाटतं," तो म्हणाला. "वीज गेली तेव्हा तिनं उचलायला हवं होतं. माझीच चूक, नीन्या बेर्सा. स्वस्तातली घेतली."

बेर्सानं त्याच्या कॉफीत आणखी एक चमचा साखर घातली. त्याला गोड कॉफी आवडत नसे. तो प्यायला. पुढच्या आठवड्यात त्यानं हप्त्यानं नवी बॅटरी आणली आणि ओझं पाठीवर घालून गिरणीत आणून बसवली. त्या दिवशी बेर्साला जेवण गेलं नाही.

ती चर्चमध्ये पापं सांगायला गेली. रागाचं सांगितलं, शेजारणीच्या निंदेचं सांगितलं. पाद्र्यानं थोड्या प्रार्थना सांगितल्या. त्या म्हणताना तिला वाटत राहिलं की आपण भलत्याचंच बिल भरतोय.

मग तिनं नोएमीचं दळण फुकट करायचा प्रयत्न केला.

"आज राहू दे," ती म्हणाली. "मोटर नीट चालत नाही, पीठ जाडं आलंय."

नोएमीनं पीठ बोटांत चोळून पाहिलं. "नेहमीसारखंच आहे की." आणि तिनं पंचवीस सेंट पाठवले. दिवा लुकलुकला. बेर्साला तो दिवा आता बघवत नसे. तिनं त्यावर फडकं टाकून पाहिलं. फडक्याखालून लुकलुकणं जास्तच दिसतं.

मग तिनं गुपचूप पैसे पाठवायचं ठरवलं. दर जानेवारीत ती बस करून एस्किपुलासच्या काळ्या प्रभूच्या यात्रेला जायची, त्या प्रवासाचे बाजूला काढलेले होते. ते पाठवायला गेली तर मोबाइल नाही म्हणाला. पुन्हा पाठवले. पुन्हा नाही. शेवटी विल्बरला बोलावलं.

"नोएमीच्या बाजूला जागा नाही," विल्बर म्हणाला. "तिची पिशवी लहान, आणि ती पोरीच्या फीसाठी साठवतेय, त्यामुळं तिची बाजू भरलेली आहे. घागर भरलेली असली तर वरून ओतता येत नाही."

"द्यायचं म्हटलं तरी घेणाऱ्याकडं जागा लागते?"

"लागते."

"हे तुझं यंत्र सांगतं की पाद्री सांगतो?"

"यंत्र. तुम्हाला तिच्यासाठी जागा करता येईल. तिच्याशी दुसरी, मोठी पिशवी बांधायची आणि तुमच्या बाजूनं तुमचे पैसे त्यात ठेवायचे. कुणी तिला पाठवले की तुमच्या या पिशवीतले तिच्याकडं सरकतात, आणि तितकेच दुसऱ्या पिशवीतून तुमच्याकडं येतात. तुमचं कमी होत नाही. पण ठेवलेले पैसे तिथंच अडकून राहतात, दुसऱ्या कामाला येत नाहीत. एवढे आहेत का तुमच्याकडं?"

होते. सगळ्या म्हाताऱ्यांकडं असतात. शवपेटीचे, रात्री बसायला येणाऱ्यांच्या कॉफीचे आणि पावाचे. बेर्सा 'बघू' म्हणाली आणि मोटर पुसायला लागली.

ख्रिसमस होऊन गेल्यावर एके सकाळी नोएमी रांग संपली तरी बादली घेऊन उभी राहिली.

"मेरीलँडहून ताई म्हणतेय, येस्लीच्या फीला कमी पडतील ते एकदम पाठवते. पण माझ्याकडं येतच नाहीत. जागा नाही म्हणे. विल्बर म्हणाला, नीन्या बेर्साला विचार. काय विचारू, तेही सांगितलं नाही त्यानं."

बेर्सानं मोटर बंद केली. पाळी अजून आपोआप फिरत होती, ती थांबेपर्यंत तिनं वाट बघितली.

"त्या शुक्रवारी वीज गेली नव्हती," ती म्हणाली. "मी पिन काढली होती. तुला खोटं सांगितलं."

नोएमीनं बादली खाली ठेवली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बेर्साला सोपं गेलं असतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्ही वीज गेली म्हणालात तेव्हा तुमच्या मागं फ्रिज घुरघुरत होता."

बेर्सा पाळीवरचं पीठ पुसायला लागली.

"मी रोज इथं पहिली का येते?" नोएमी म्हणाली. "घर लांब आहे माझं. म्हटलं, आज बोलतील. एवढे महिने म्हटलं, आज बोलतील. तुम्ही मला फुकट दळण द्यायला निघालात. त्या दिवशी बादली तुमच्या अंगावर ओतावीशी वाटली मला."

"ओतायची होतीस."

"मका महाग आहे."

बेर्सानं तिच्या बादलीवर फडकं घातलं. मग नोएमी म्हणाली, "का काढली, तेवढं सांगा. मला एवढंच कळलेलं नाही. तुम्ही वाईट नाही."

बेर्सानं सांगितलं. यहूदाची नाणी, आई, बापाची बोटं, पाळीला चिकटलेलं पीठ. सांगताना तिला ते सगळं पोरकट वाटत होतं आणि खरंही वाटत होतं. नोएमीनं ऐकून घेतलं.

"माझी आई असती तर तिनंही काढली असती," ती शेवटी म्हणाली. "पण तिनं दारात येऊन सांगितलं असतं, पोरी, मी काढली, चल चेपेशी भांडू. मी आदल्या दिवशीच बर्फ घेऊन ठेवला असता, कुणाकडून रोख घेतली असती. मला कळलं असतं तर काहीतरी केलं असतं. तुमच्या घरातून आम्हा सगळ्यांची वाट जाते, नीन्या बेर्सा. ती बंद करायची तर सांगून करायची."

"तुझं एक वर्ष..."

"माझं नाही. येस्लीचं. ते मी तुम्हाला माफ करू शकत नाही, ते तिचं आहे. तुमचे पैसेही नकोत मला."

"पैसे देत नाही," बेर्सा म्हणाली. "जागा देते. माझे मयताचे पिशवीत ठेवते, म्हणजे तुझ्या बहिणीचे येतील. ते माझेच राहतात, असं तो पोरगा म्हणतो."

नोएमीनं बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "आणि मधेच तुमचं काही झालं तर?"

"मला मरायची सोय नाही आता. येस्लीला सांग, नीट शीक."

दुसऱ्या दिवशी रांगेत कुणीतरी विल्बरच्या बॅटरीवरून टोमणा मारला, तेव्हा बेर्सानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पेटी तिनं बंद केली होती. काही बायकांनी तोंड फिरवलं, आणि महिनाभर शेजारच्या गावात दळायला गेल्या. ते तिला चाललं. पण म्हातारी चिला पुढं आली आणि म्हणाली, "शाबास. असं कुणीतरी करायलाच हवं होतं. सण राहिला नाही, बाजार झालाय," आणि तिनं बेर्साचा हात दाबला. तो हात बेर्साला कितीतरी दिवस जड वाटत राहिला. विल्बर ऐकून म्हणाला, "बॅटरीचे हप्ते अजून चालू आहेत." मग म्हणाला, "बॅटरी चांगली आहे पण." त्यानंतर तो बिनसाखरेची कॉफी मागून घेऊ लागला.

मेरीलँडचे पैसे आले. पुढचा गुड फ्रायडे जवळ आला तशी बेर्सा विल्बरला म्हणाली, "त्या एका दिवशी कण घेणं बंद करता येतं का?"

"येतं. शून्य टाकायचं. सगळे फुकट जातील."

"टाक."

त्या शुक्रवारी गिरणीवर जांभळं कापड होतं, मोटरची पिन बाहेर होती आणि पेटी जागी होती. बेर्सा जपमाळ घेऊन तिच्यासमोर बसली. दिवा लुकलुकला की ती छातीवर क्रूस काढी. एक लुकलुक म्हणजे यहूदाचं नाणं की नोएमीची बर्फाची लादी, हे तिला त्या दिवशीही ठरवता आलं नाही आणि नंतरही नाही. शून्य टाकलं म्हणून आई मानली असती, असं काही तिला वाटत नव्हतं. जुलैत येस्ली सोन्सोनातेला गेली. शिकून आली, सरकारी दवाखान्यात लागली. येता-जाता बेर्साच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायची आणि गप्पा मारायची. तेवढा वेळ बेर्सा भिंतीकडं बघत असे.

"इकडं बघा ना, नीन्या बेर्सा. मी काय खाते का तुम्हाला?"

"भिंतीला पोपडे आलेत, ते बघते."

"गेल्या वेळीही भिंतच बघत होतात."

"तेव्हा लहान होते पोपडे."

एस्किपुलासला ती पुन्हा गेली नाही. रात्रभराचा प्रवास, दोन दिवस मुक्काम, आणि पेटी कुणाच्या भरवशावर टाकायची? दर वर्षी बस चर्चसमोरून सुटे, ती प्रभूपुढं लावायची मेणबत्ती शेजारणीच्या हाती देई आणि परत फिरे. लोक म्हणत, म्हातारीची भक्ती कमी झाली.  मयताचे पैसे पिशवीतच राहिले, कधी या बाजूला कधी त्या. खरोखर वेळ आली तेव्हा पिशवी सुटून पैसे हातात यायला काही दिवस गेले, आणि तोवर शवपेटीवाला आणि पाववाला दोघंही कुरकुरत थांबले. पण ते नंतरचं.

त्याआधी एक बुधवार होता. बुधवारी ती बॅटरीत घालायचं पाणी आणायला गाड्यांच्या दुकानात जायची. त्या बुधवारीही गेली. बाटली उन्हाकडं धरून बघितली.

"नळाचं नाही ना?"

"दर बुधवारी हेच विचारता, नीन्या बेर्सा."

"दर बुधवारी तूच विकतोस."

दुकानातून किनाऱ्याच्या वाटेनं ती बदामाच्या झाडापाशी आली. नोएमीनं न विचारताच बर्फ किसला, चिंचेचं सरबत घातलं, दूध घातलं नाही. बेर्सानं मोबाइल काढला, चष्मा शोधला, पैसे पाठवले.

"आले?"

"आले."

उभ्या उभ्याच तिनं मिनुता संपवली, पेला परत दिला, बाटली एप्रनच्या खिशात सरळ उभी केली आणि घरी जाऊन बॅटरीत पाणी घातलं.